माथेरान एका दिवसात: सकाळी मुंबईहून निघून रात्री परत, जमतं का?

दादर_पश्चिम
नाताळच्या सुटीत नागपूरहून पाहुणे येताहेत. मोठी माणसं सहा, मुलं दोन (वय ७ आणि ११). मोठ्यांपैकी एक आजोबा ७२ वर्षांचे आहेत. सपाटीवर तासभर चालतात, पण चढ-उतारावर गुडघे कुरकुरतात. त्यांना एका दिवसात माथेरान बघायचं आहे, मुक्काम करायचा नाही. झुकझुक गाडी हवी, सगळे पॉइंट हवेत, सूर्यास्तही हवा. जमेल का? गाडी घेऊन जावं की लोकलने? जाणकारांनी वेळेच्या हिशेबासकट सांगावं.

वाटाड्या
सगळे पॉइंट, झुकझुक गाडी आणि सूर्यास्त, तिन्ही एका दिवसात जमणार नाही. दोन जमतील, तेही "सगळे पॉइंट" सोडून. माथेरानचं पठार दक्षिणोत्तर लांब आहे आणि तीसहून जास्त पॉइंट त्याच्या कडेकडेने पसरलेत. उत्तर टोकाला पॅनोरमा, दक्षिण टोकाला वन ट्री हिल आणि चौक पॉइंट, मध्ये बाजारपेठ. नुसतं पॅनोरमा बाजारपेठेपासून पाचेक किलोमीटर आहे, जाऊन-येऊन तीन तास गेले. ते ठिकाण सूर्योदयाचं. दिवसाच्या पाहुण्याने तिकडे फिरकूच नये.

एक बाजू धरा. तुमच्या मंडळींसाठी पश्चिम बाजू: शार्लोट लेक, लॉर्ड पॉइंट, एको, लुईझा. वाट बहुतेक सावलीतून जाते, एका फेरीत चार जागा होतात आणि समोर प्रबळगड दिसतो. दक्षिणेचं अलेक्झांडर–रामबाग–लिटल चौक–वन ट्री हिल हे वळण सुरेख आहे, पण त्याला सलग चालणारी माणसं लागतात.

कर्जत_फास्ट
आधी नेरळपर्यंतचं, म्हणजे माथेरानच्या पायथ्याच्या स्टेशनापर्यंतचं बघू. सीएसएमटी ते नेरळ ८६ किलोमीटर. कर्जत आणि खोपोली दोन्ही लोकल तिथे थांबतात. बदलापूर लोकलमध्ये चुकून बसलात तर बदलापूरलाच उतरून पुढच्या कर्जतची वाट बघावी लागते, आणि कल्याणनंतर कर्जतच्या गाड्या विरळ आहेत. अर्धा-पाऊण तास सहज जातो. फास्ट गाडीही कल्याणपर्यंतच फास्ट. पुढे विठ्ठलवाडीपासून अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू करत जाते. सीएसएमटीहून एकूण दोन तास धरा, दादरहून दहा-बारा मिनिटं कमी.

पश्चिम रेल्वेवाल्यांनी दादरला बदलावं. ठाण्याला चढून बसायला जागा मिळेल ही आशा सुटीच्या दिवशी करू नये.

रविवारी जात असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघा. सकाळी नेरळला पोहोचलेला माणूस ब्लॉकमध्ये सापडत नाही, दुपारी परतणारा सापडतो. परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा. संध्याकाळी नेरळच्या खिडकीवर ट्रेकवाल्यांची रांग असते.

दादर_पश्चिम
धन्यवाद. आणि झुकझुक गाडी? मुलांनी त्याचाच हट्ट धरलाय. जागतिक वारसा आहे ना ती?

रूळवेडा
जागतिक वारसा नाही. भारतातल्या पर्वतीय रेल्वेंच्या यादीत दार्जिलिंग (१९९९), निलगिरी (२००५) आणि कालका–शिमला (२००८) या तीनच आहेत. माथेरान संभाव्य यादीत आहे. त्याने गाडीची किंमत कमी होत नाही म्हणा.

रूळ दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटर. नेरळ ते माथेरान साधारण २१ किलोमीटर. आदमजी पीरभाई यांनी पैसा घातला, सोळा लाख रुपये, आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम पाहिलं. १९०४ मध्ये सुरू झालं, १९०७ मध्ये गाडी धावली. दरवर्षी कोणीतरी "इंग्रजांनी बांधली" असं लिहितं, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

चढ काही ठिकाणी २० ला १ आहे, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, आणि वळणं इतकी आवळलेली की खिडकीतून स्वतःच्याच गाडीचं शेपूट दिसतं. म्हणून वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत राहतो आणि वर जायला दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास लागतात. स्टेशनं अशी: नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान. मध्ये एकच बोगदा, तो "वन किस टनेल". नाव का पडलं ते त्याच्या लांबीवरून कळतं.

तिकिटाचं मात्र नीट वाचा. नेरळ–माथेरान तिकीट नेरळच्या खिडकीवर, गाडी सुटण्याआधी साधारण पाऊण तास मिळतं, आणि एकाच बाजूचं. सकाळच्या गाड्या दोनच, पहिली नऊच्या जरा आधी, दुसरी साडेदहाच्या सुमारास. डबे चिमुकले, जागा मोजक्या. नाताळात आठ जणांना एकाच गाडीत जागा हवी असेल तर खिडकी उघडायच्या आधी रांगेत माणूस उभा हवा, म्हणजे सीएसएमटीहून साडेपाचच्या आसपासची कर्जत पकडा. वेळा बदलत असतात, आदल्या दिवशी मध्य रेल्वेचं वेळापत्रक बघूनच निघा.

डोंगरवेडी
एका दिवसाच्या सहलीत झुकझुक गाडीने वर जाणं म्हणजे अर्धा दिवस डब्यात घालवणं. टॅक्सीने अर्ध्या तासात दस्तुरी, म्हणजे वाहनं जिथपर्यंत जातात तो नाका. मुलांना तिथल्याच अमन लॉज स्टेशनहून माथेरानच्या शटलमध्ये बसवा, हौस भागते. तेच रूळ, तेच डबे.

रूळवेडा
हा हिशेब नेहमी चुकतो, म्हणून मांडून दाखवतो.

टॅक्सी: नेरळला ८:४५. टॅक्सी भरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं, घाट वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे दस्तुरीला ९:३०. तिथे प्रवेशकराची पावती, सुटीच्या दिवशी त्याचीही रांग. मग बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर, मुलं आणि आजोबांसह तासभर. बाजारपेठेत पावणेअकरा.

झुकझुक गाडी: नऊच्या आधी सुटली की साडेअकराच्या सुमारास माथेरान स्टेशन. आणि स्टेशन बाजारपेठेतच आहे.

फरक पाऊण तासाचा. त्या पाऊण तासात आजोबांची तीन किलोमीटरची पायपीट वाचते. धडधाकट माणसांनी टॅक्सीने जावं हे मान्य. या मंडळींनी वर जाताना गाडी, उतरताना टॅक्सी. उलटं करू नये, उतरणाऱ्या गाड्या दुपारीच सुटतात, दिवस तिथेच संपतो.

तिकीट मिळालं नाही तर दुसऱ्या गाडीसाठी थांबू नका. ती वर पोहोचेपर्यंत एक वाजतो. सरळ टॅक्सीकडे वळा.

डोंगरवेडी
स्टेशन बाजारपेठेत आहे हा मुद्दा मान्य, मी चालणाऱ्यांच्या हिशेबाने बोलत होते. पण पावसाळ्यात हे वाचणाऱ्यांसाठी: जून मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत नेरळ–अमन लॉज बंद असतं, फक्त अमन लॉज–माथेरान शटल चालते.

रूळवेडा
बरोबर. कारण डोंगरातून येणारं पाणी रुळाखालची खडी घेऊन जातं, वरून दरड येते. २६ जुलै २००५ च्या पावसाने मार्ग उखडला तो २००७ मध्ये सुरू झाला. २०१९ च्या पावसाने परत तेच, आणि पूर्ण मार्ग खुला झाला ऑक्टोबर २०२२ मध्ये. शटलचा टप्पा पठारावरचा, जवळजवळ सपाट, म्हणून तो टिकतो.

चहाबाज
शटलबद्दल एक भर. गर्दीच्या दिवशी अमन लॉजच्या खिडकीवर चाळीस मिनिटं रांगेत उभं राहायचं की चाळीस मिनिटांत चालत पोहोचायचं, एवढाच प्रश्न असतो. चालायचं ठरलं तर रुळाकडेची पायवाट धरा, रस्त्यापेक्षा चढ कमी आणि घोड्यांची लीद कमी. स्लीपरवरून चालू नका. वळणावर गाडी दिसत नाही आणि हळू आहे म्हणून माणूस गाफील राहतो.

ठाणे_घोडबंदर
स्वतःची गाडी नेली तर? आठ जण एका मोठ्या गाडीत बसतात.

वाटाड्या
पोहोचता येतं, बदलापूरवरून किंवा पनवेल–चौक–कर्जत बाजूने नेरळ. पुढे घाट. गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच. त्यापुढे माथेरानात वाहनांना बंदी आहे, रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडून.

अडचणी दोन. दस्तुरीचं पार्किंग सुटीच्या दिवशी सकाळीच भरतं, मग घाटातच गाड्यांची रांग लागते आणि चढावर थांब-चल सुरू होते. भरलेली गाडी, पहिला गिअर, अर्धा क्लच, आणि दहा मिनिटांत जळका वास. ज्याला चढावर हँडब्रेकने गाडी उचलता येत नाही त्याने हा घाट शिकायला निवडू नये. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे शहरातले चालक विसरतात आणि वळणावर दोघेही अडकतात. उतरताना दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नका. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर खालच्या वळणांपर्यंत पेडल मऊ पडलेलं असतं.

सोपा उपाय: गाडी नेरळमध्ये ठेवा, वर शेअर टॅक्सीने जा. तिथल्या चालकांचा हात त्या वळणांवर बसलेला आहे.

मालाड_मैत्रीण
घोडा, हातरिक्षा, ई-रिक्षा यांचं काय चाललंय सध्या? बातम्या उलटसुलट येतात.

नेरळ_निवासी
हातरिक्षाबद्दल: ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढणं अमानवी ठरवलं आणि सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. त्या जागी ई-रिक्षा, त्याही आधी हातरिक्षा ओढणाऱ्यांना. त्याच निकालात दस्तुरी ते शिवाजी महाराज पुतळ्यापर्यंतच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉकला परवानगी मिळाली, आतल्या पायवाटांवर नाही.

तुमच्यासाठी अर्थ असा: ई-रिक्षा दस्तुरी–बाजारपेठ या मुख्य रस्त्यासाठी धरा, पॉइंट फिरवायला नाही. संख्या मोजकी आहे आणि ज्येष्ठांची, शाळेच्या मुलांची गरज आधी. आजोबांना परतताना हवी असेल तर चारच्या आधी रांगेला लागा. साडेपाचनंतर अख्खं गाव दस्तुरीकडे निघतं.

घोड्याचे दर फलकावर लिहिलेले असतात, दस्तुरीला फलक आहे. ठरवताना तीन गोष्टी तोंडाने वदवून घ्या: कोणते पॉइंट (नावं घेऊन, "सात पॉइंट" नाही), थांबायचा वेळ धरून की सोडून, आणि परत कुठे सोडणार, बाजारपेठेत की दस्तुरीला. भांडणं या तिसऱ्यावरून होतात. परवान्याचा बिल्ला बघा. "गाडी आज बंद आहे", "बाजार सहा किलोमीटर आहे" असं कोणी सांगितलं तर हसून पुढे चला.

पशुवैद्य_पुणे
घोड्यावर बसणाऱ्यांसाठी दोन ओळी. रिकिबीत पाऊल पुढच्या तिसऱ्या भागापुरतंच ठेवा, टाच बाहेर. पाऊल आरपार गेलं आणि घोडा बिथरला तर पडलेला माणूस रिकिबीला अडकून फरफटतो. गंभीर अपघात असेच होतात. मुलाच्या पायाला रिकीब पोहोचत नसेल तर वरचा चामडी पट्टा आखडून घ्यायला लावा, पाय पट्ट्यात खुपसू देऊ नका. लगाम मालकाच्या हातात, आणि घोडा चालत. मुलांनी "पळव, पळव" म्हटलं तरी नाही. हेल्मेट मागा.

आजोबांना घोडा नको. बसवता येतं, पण उतरताना सगळा भार एका गुडघ्यावर येतो.

दादर_पश्चिम
हे सगळं लिहून घेतोय. मग आजोबांनी वर काय करायचं? आणि सूर्यास्ताचं कोणीच स्पष्ट बोललं नाही.

वाटाड्या
आजोबांसाठी खंडाळा पॉइंट. बाजारपेठेपासून जवळ, चढ नाही म्हटलं तरी चालेल. नंतर पेमास्टर पार्कमध्ये बाकावर बसता येतं. शार्लोट लेकची वाट जाताना उताराची आहे, म्हणजे येताना चढाची; त्यांनी न गेलेलं बरं.

बाकीच्यांचा दिवस असा. साडेअकराला उतरलात की आधी जेवा. साडेबारानंतर सगळ्या खाणावळी एकदम भरतात आणि थाळीला पाऊण तास लागतो. जुन्या लॉजमध्ये जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतात, बाहेरच्या माणसाला आधी सांगावं लागतं. साडेबाराला निघून शार्लोट लेक, शेजारचं पिसारनाथाचं देऊळ (ते माथेरानचं ग्रामदैवत), लॉर्ड पॉइंट, एको, लुईझा. रमतगमत तीन ते साडेतीन तास. चारला परत बाजारपेठेत.

आता सूर्यास्त. डिसेंबरअखेर तो सहा वाजून पाच-दहा मिनिटांनी होतो. पॉर्क्युपाइन, म्हणजे सनसेट पॉइंटवरून बघितलात तर परत बाजारपेठ आणि पुढे दस्तुरी मिळून दीड तासाची चाल, तीही अंधारात, लाल मुरुमाच्या निसरड्या वाटेवर. पावणेआठला दस्तुरी, तिथे टॅक्सी विरळ झालेल्या, उरलेले अख्खी गाडी करा म्हणतात. नेरळ साडेआठ, दादर साडेदहाच्या पुढे. सात वर्षांचं पोर आणि आजोबा घेऊन हे करू नका. लुईझाही पश्चिमेलाच तोंड करून आहे, समोरचा प्रबळगड तिथूनच छान दिसतो. सूर्यास्त मुक्कामाच्या खेपेला ठेवा.

डोंगरवेडी
ज्यांना थांबायचंच आहे त्यांनी प्रत्येकी एक टॉर्च न्यावा. मोबाइलचा उजेड चालत नाही, दिवसभर फोटो काढून बॅटरी संपलेली असते.

चहाबाज
शार्लोट लेकमध्ये उतरू नका, मुलांना काठावर सोडू नका. तो गावाचा पिण्याच्या पाण्याचा साठा आहे, काठाचा दगड शेवाळलेला असतो आणि बुडून माणसं गेलेली आहेत.

माकडांबद्दल: पिशवीचा आवाज ऐकून येतात. एको पॉइंटला वेफर्सचं पाकीट उघडलंत की ते तुमचं राहिलं नाही. ओढाताण करू नका, सोडून द्या. पाण्याची बाटलीही हातात लोंबती ठेवू नका, सॅकमध्ये.

मालाड_मैत्रीण
कपडे? पांढरे बूट घालू नयेत एवढं ऐकलंय.

वाटाड्या
पांढरं काहीच नको. पठाराचा माथा जांभ्याचा आहे, खाली काळा बेसाल्ट. जांभ्यातलं लोह गंजून ही लाल माती होते, म्हणून डाग धुऊन जात नाहीत. उन्हाळ्यात धूळ, पावसात चिखल. हिवाळ्यात त्रास बारीक खड्यांचा; उतारावर गुळगुळीत तळव्याचा बूट गोट्यांवरून घसरावा तसा घसरतो. नक्षीदार तळव्याचे बूट घाला. पुढे मोकळे सँडल नकोत, खडे आत जातात.

कडेचे कठडे सगळीकडे नाहीत. जांभ्याचा कडा वरून घट्ट दिसतो आणि खालून पोखरलेला असतो, तेव्हा फोटोसाठी शेवटच्या दगडावर कोणी जाऊ नये.

गिरगावकर_अण्णा
मुलांना दोन गोष्टी सांगा म्हणजे नुसती दरी बघून कंटाळणार नाहीत. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौकच्या बाजूने वन ट्री हिलजवळून वर चढला आणि रामबागेच्या वाटेने उतरला. त्याच वर्षी परत येऊन त्याने घर बांधायला घेतलं. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी इथे मुक्काम ठोकायला सुरुवात केली आणि मुंबईची श्रीमंत मंडळी मागोमाग आली. पारशी, बोहरी, गुजराती बंगले त्याच काळानंतरचे. अर्थात "शोध लावला" हे म्हणण्यापुरतं. धनगर, ठाकर, कातकरी त्या वाटांनी आधीपासून ये-जा करत होतेच.

दुसरी गोष्ट भाई कोतवालांची. जन्म माथेरानचा, १ डिसेंबर १९१२. बेचाळीसच्या आंदोलनात आझाद दस्ता उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हुतात्मा झाले. नाताळच्या आठवड्यात जाताय, तर तो दिवस जवळच आहे.

डोंगरवेडी
अण्णा, +१. अवांतर: लुईझाच्या वाटेवर मान वर ठेवा, शेकरू दिसतो. तपकिरी-तांबूस, मांजराएवढा, शेपूट अंगापेक्षा लांब. आधी फांदी हलते, मग दिसतो. जंगलात अंजनीची झाडं भरपूर आहेत. निळा बहर बघायचा तर मार्च-एप्रिल, डिसेंबरात नाही.

ठाणे_घोडबंदर
खरेदी? चिक्की, चपला, मध?

नेरळ_निवासी
चपला बघून घ्या, शिवण आणि टाच वाकवून. टाच दाबल्यावर पुठ्ठ्यासारखी कडकडली तर आत चामडं नाही. चिक्की दुकानात चाखून घ्या, ताजी कडक आणि कोरडी असते. बोटाला चिकटली तर हवा लागलेली आहे. परततानाच घ्या, नाहीतर अडीच किलो साखर पाठीवर घेऊन लुईझा फिराल.

रोख पैसे खालूनच आणा. वर नेटवर्क गेलं की स्कॅन होत नाही आणि घोडेवाला थांबत नाही.

दादर_पश्चिम
ठरलं: पहाटेची कर्जत, गाडीचं तिकीट मिळालं तर गाडी नाहीतर टॅक्सी, पश्चिम बाजू, सूर्यास्त रद्द. शेवटचा प्रश्न, बाजारपेठेतून निघायचं किती वाजता?

कर्जत_फास्ट
साडेचार. आजोबा ई-रिक्षाने, बाकी चालत, दस्तुरीला भेटायची जागा कर नाक्याच्या खिडकीजवळ आधीच ठरवून ठेवा, फोनवर विसंबू नका. साडेपाचला टॅक्सी, सहाला नेरळ. लोकल कर्जतहूनच भरून येते, तेव्हा आठ जणांनी एका दारात घुसायच्या ऐवजी दोन डब्यांत विभागा. आजोबांसोबत एक जण ज्येष्ठांच्या राखीव जागेच्या डब्याकडे, तो फलाटावर कुठे लागतो ते सकाळी उतरतानाच बघून ठेवा.